शेंगा फोडायची सहा यंत्रं

६ जुलै १९९८, सोमवार

आजपासून दैनंदिनी लिहायची. बंगळूरच्या शिबिरात सांगितलं की नवा प्रयोग करणाऱ्या शिक्षकानं टिपणं ठेवावीत, म्हणजे पुढं त्यावर पेपर लिहिता येतो. मी प्रयोग करणार आहे आणि पेपरही लिहिणार आहे. तेव्हा सुरुवात रीतसर करतो. मी आकाराम चौगले. कोल्हापूरबाहेरच्या माळावरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात बारा वर्षं मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला मशीन डिझाइन शिकवतो.

आमच्याकडं टर्मवर्क म्हणजे जर्नल. एक हुशार मुलगा ते लिहितो, मग ते होस्टेलवर फिरतं आणि टर्म संपेपर्यंत चोवीस जर्नलं तयार होतात. गेल्या वर्षी मूळ जर्नलातल्या गिअरला एक दात कमी पडला होता. चोवीसही गिअरना तो दात नव्हता. मी चोवीस सह्या केल्या.

शिबिरात दाखवलेली पद्धत वेगळी आहे. मुलांनी गट करून, एकमेकांच्या मदतीनं, हातानं खरी वस्तू बनवायची. शिक्षकानं मागं उभं राहायचं. मागं उभं राहणं मला जमेल असं वाटतं.

प्राचार्य गणपतराव इंगवलेसाहेबांनी परवानगी दिली. म्हणाले, "करा. पण एकच टर्म. आणि मला कटकट नको." डिसेंबरात असिस्टंट प्रोफेसरच्या जागेसाठी एक नाव जायचं आहे. प्रयोग चांगला झाला तर ते माझं असेल, असं ते म्हणाले नाहीत, पण मला तसं ऐकू आलं.

१३ जुलै

विषय ठरला: हातानं फिरवायचं शेंगा फोडायचं यंत्र. सासुरवाडीहून दरवर्षी पोतं येतं आणि ते फोडायचं काम घरात माझ्याकडं असतं, त्यामुळे या विषयाचा माझा अभ्यास आहे. चोवीस मुलं, चौघांचा एक असे सहा गट. सहाही गटांनी आपापल्या डोक्यानं वेगवेगळं यंत्र करायचं, असं बजावून सांगितलं.

पहिल्या गटाचा प्रमुख ऋतुराज खराडे. त्याचे वडील हंबीरराव आमच्या संस्थेचे विश्वस्त आहेत. त्याचा इथं काही संबंध नाही. मुलगा घरच्यासारखा आहे आणि काहीही विचारलं तरी "हुतंय की सर" म्हणतो. पुढारीपण अंगातच असावं लागतं.

त्याच गटात साक्षी कांबळेला घातलं. मेकॅनिकलच्या वर्गातली एकुलती मुलगी. कबनूरची, वडील प्राथमिक शाळेत शिक्षक. राखीव जागेवर आली आहे, तेव्हा सांभाळून घ्यावं लागेल असं मी धरून चाललो आहे. ऋतुराजच्या सावलीत तिचं निभून जाईल. तिला रिपोर्ट लिहायचं काम दिलं, म्हणजे वर्कशॉपमध्ये हात काळे करायला नकोत. अक्षर मात्र घाण आहे. डाव्या हातानं लिहिते आणि लिहिलेलं त्याच हातानं पुसत जाते. ड्रॉइंग शीटचे दोन मार्क कापले.

२० जुलै

पहिला तास. मी मागं उभा राहिलो. मुलंही वळून माझ्याकडं तोंड करून उभी राहिली. असा बराच वेळ गेला. शेवटी एकानं विचारलं, "सर, हे कुठल्या पुस्तकात हाय?" मी म्हणालो, कुठल्याच नाही. त्यानं ते वहीत लिहून घेतलं.

२९ जुलै, बुधवार

वर्कशॉप ज्यांच्या ताब्यात आहे त्या केरबांशी बोलणं झालं. आमच्या वर्कशॉपमध्ये चार लेथ आणि एक ड्रिल मशीन आहे. प्रत्येकावर गेल्या खंडेनवमीचं हळदकुंकू जसंच्या तसं आहे. हत्यारांचं कपाट बंद असतं आणि किल्ली केरबांच्या जानव्याला नसली तरी कमरेला असते.

केरबा म्हणाले, "मशीन चालवायचं म्हंजे बिघडणार की सर. बिघडलं की साहेब मला इचारणार. माझ्या ताब्यात आल्यापासनं आजपातूर एक मशीन बिघडलेलं न्हाय."

हे खरं आहे. शेवटी साहेबांची चिठ्ठी आणली, तेव्हा ड्रिल मिळालं. फक्त ड्रिल, दर बुधवारी एक तास, सगळ्या सहा गटांत मिळून. ड्रिल चालू असताना केरबा शेजारी उभे राहतात आणि प्रत्येक भोकाला चुकचुकतात.

९ ऑगस्ट, रविवार

हातानं करण्यातूनच ज्ञान येतं, हे शिबिरातलं वाक्य मनात घोळत होतं, म्हणून घरचा मिक्सर उघडला. तो चालू होता. जोडल्यावर एक स्क्रू उरला आणि मिक्सर बंद पडला. प्रियदर्शनीनं, म्हणजे आमच्या सौभाग्यवतीनं, उरलेला स्क्रू कागदात गुंडाळला. मिक्सर पिशवीत घालून राजारामपुरीत दुरुस्तीला नेऊन दिला. रात्री जेवताना पाट्यावर वाटलेली चटणी होती. ती वाढताना म्हणाली, "आमचा पण प्रयोग चालू हाय, हातानं करायचा."

१२ ऑगस्ट, बुधवार

ड्रिलचा तास वाया गेला. पत्र्यावर भोकाच्या खुणा करण्यातच वेळ जातो. टेप धरायचा, रेघ मारायची, दुसऱ्यानं ती चूक आहे म्हणायचं. एका तासात सहा गटांची मिळून चार भोकं पडली आणि त्यातली दोन चुकीच्या जागी. या गतीनं यंत्रं पुढच्या वर्षी होतील. मला काळजी वाटते. साहेबांना काय दाखवू?

साक्षी कांबळे तास संपल्यावर आली. "सर, वर्कशॉपच्या मागं भंगारात जाड पट्टी पडलीया. घेऊ का?" मी घे म्हणालो. कशाला, ते विचारणार होतो, पण शिक्षकानं फार विचारू नये असं शिबिरात सांगितलं आहे. रिपोर्टवर वजन ठेवायला लागत असेल.

२ सप्टेंबर, बुधवार

प्रगती आहे. मुलं आता खुणा करतच नाहीत. गट आला की पत्रा ठेवतो, वर काहीतरी ठेवून पकडतो, भराभर भोकं पाडतो आणि जातो. आज सहाही गटांचं काम तासाच्या आत संपलं. केरबांना प्रत्येक भोकाला चुकचुकायलाही वेळ मिळाला नाही. माझी पद्धत मुरायला लागली आहे. पेपरसाठी वाक्य: "प्रारंभीच्या गोंधळानंतर विद्यार्थ्यांत आपोआप शिस्त निर्माण होते."

ऋतुराजला बाजूला घेऊन विचारलं, गट कसा चाललाय. "एक नंबर सर." मग विचारलं, साक्षी काही मदत करते का? तो जरा माझ्याकडं बघत राहिला आणि म्हणाला, "करती की सर. लई." सहकाऱ्यांना असं सांभाळून घेणं सगळ्यांना जमत नाही. मोठ्या मनाचा मुलगा आहे.

३० सप्टेंबर, खंडेनवमी

वर्कशॉपमध्ये पूजा झाली. झेंडूच्या माळा, नारळ, पेढे. ड्रिल मशीनला यंदा सगळीकडं तेल-ग्रीस लागलं आहे, त्यामुळे केरबांना कुंकू लावायला कोरडी जागा शोधावी लागली. ती सापडेपर्यंत भटजी थांबले. केरबांनी माझ्याकडं बघितलं नाही.

१४ ऑक्टोबर, बुधवार

आज सहा यंत्रं आली. मन शांत करून लिहितो.

सहाही यंत्रं एकसारखी आहेत. सारखी दिसणारी नव्हेत, एकच. तीच उंची, तीच जाळी, तोच ढोल, बोल्टही त्याच जागी. आणि सहाही यंत्रांची फिरवायची मूठ डाव्या बाजूला आहे. जगातलं कुठलंही असलं यंत्र उजव्या हातानं फिरवतात. वेगळं करा म्हणून बजावलं होतं, आणि चोवीस मुलांनी जर्नल उतरवावं तसं लोखंड उतरवून काढलं, चुकीसकट.

मी विचारलं, मूठ डावीकडं का? साक्षी कांबळे तेवढी म्हणाली, "सर, उजवीकडं पण करता येती, पाटी उलटी धरली की." कुठली पाटी, म्हणून विचारलं. मग मुलांच्या क्रिकेटच्या किटमधनं ती निघाली. हातभर लांब, जाड पट्टी, तिला ठिकठिकाणी भोकं, भोकांत पाइपाचे तुकडे ठोकून बसवलेले. ही पाटी पत्र्यावर ठेवायची आणि तिच्या भोकातनं ड्रिल घालायचं. झालं, नक्कल तयार. गेला दीड महिना ती होस्टेलवर या खोलीतनं त्या खोलीत फिरत होती. अगदी जर्नल फिरतं तशी.

पाटी जप्त केली. "नक्कल करण्याचे साधन" अशी चिठ्ठी लावून माझ्या कपाटात ठेवली आणि कुलूप घातलं.

सहाही यंत्रांनी शेंगा मात्र चांगल्या फोडल्या. दाणा फुटत नाही. हे लिहायला नको होतं.

१५ ऑक्टोबर

साहेबांना सांगणं भाग होतं. केरबांनी आधीच सांगितलं होतं. साहेब म्हणाले, "नक्कल ती नक्कल, कागदावर असू दे न्हायतर लोखंडावर. मूळ गट कुठला ते शोधा. त्यांना सोडा, बाकीच्या वीस जणांची टर्म अडवा. दिवाळीनंतर मला लेखी पायजे."

टर्म अडली की परीक्षेला बसता येत नाही आणि वर्ष जातं. वीस मुलांचं वर्ष. मला हे व्हायला नको होतं. पण शिबिरात कुणी सांगितलं नव्हतं की मुलं एकमेकांना इतकी मदत करतील.

१६ ऑक्टोबर

सगळ्यांना एकेक करून बोलावलं. मूळ यंत्र कुणाचं? चोवीस जणांनी एकच उत्तर दिलं: "सगळ्यांनी मिळून केलंय सर." उत्तरंही उतरवलेली.

पुरावा म्हणून सहाही यंत्रं खोलून सुटे भाग मापले. सगळे सारखेच निघाले, त्यामुळे मापून उपयोग झाला नाही. माझ्याकडनं भाग एकत्र मिसळले. मुलांना परत जोडा म्हणालो. मला वाटलं, आता आपापले भाग शोधताना यांची खरी कसोटी लागेल आणि मूळ यंत्र कुणाचं तेही कळेल. पण यांनी ढिगातनं हाताला येईल ते उचललं आणि चहा यायच्या आत सहा यंत्रं उभी केली. कुणाचा भाग कुणाच्या यंत्रात गेला याची एकालाही फिकीर नाही. सगळं बसलंही. आपल्या कामाबद्दल इतकी बेपर्वाई मी बारा वर्षांत पाहिली नव्हती.

२२ ऑक्टोबर

दिवाळीची सुट्टी. एक यंत्र तपासणीसाठी घरी आणलं आहे. प्रियदर्शनीनं त्यावर अर्धं पोतं फोडलं. म्हणाली, "मूठ डावीकडं हाय ते बरं हाय. उजवा हात शेंगा वतायला मोकळा ऱ्हातोय." मी तिला समजावून सांगितलं की हे चूक आहे. ती म्हणाली, "व्हय. तुम्ही फोडा मग उजव्या हातानं." आणि दुसरं पोतं कुणाकडनं मिळेल का ते शेजारी विचारायला गेली.

२७ ऑक्टोबर

विचार करून ठरवलं. मूळ गट ऋतुराजचाच असणार. बाकी कुणात एवढी कुवत नाही. त्याला बोलावून सांगितलं की तुझा गट सुटला, तुम्ही चौघं पास. मला वाटलं आनंद होईल. तो खाली बघत राहिला. "आणि बाकीची सर?" म्हणाला. बाकीच्यांना भोगावं लागेल, म्हणालो. "असं करू नगासा सर," एवढंच बोलला आणि गेला.

अर्ध्या तासानं साक्षी कांबळे आली. उभ्या उभ्याच म्हणाली, "सर, पाटी मी केलीया."

मी बस म्हणालो. बसली नाही. पहिलं यंत्रही तिनंच केलं होतं. मापं तिची, जाळी आणि ढोलातलं अंतर तिनं तीनदा बदललेलं. मूठ डावीकडं आली कारण ती डावखुरी आहे, तिला तशीच सवय. ऋतुराज आणि बाकी दोघांनी पत्रे उचलले, भोकं पाडली, रंग दिला. मी विचारलं, मग ऋतुराजनं सांगितलं का नाही? म्हणाली, "तुम्ही त्याला इचारलतं, साक्षी मदत करती का. त्यो करती म्हणाला."

मग म्हणाली, "पाटी मीच सगळ्या गटांना दिली. तासात कुणाचंच हुईना म्हणून. घेणाऱ्यांनी नक्कल केली असंल तर देणारी मी हाय. काय करायचं ते माझं करा. वीस जणांची टर्म नगा अडवू."

मी तिला म्हणालो की तू गप्प बसली असतीस तर सुटली होतीस. "ठाऊक हाय सर," म्हणाली.

बारा आठवडे मी मागं उभा होतो आणि बघत होतो ऋतुराजकडं.

२८ ऑक्टोबर

साहेबांना सगळं सांगितलं. मला वाटलं, ऐकून त्यांचं मन पाघळेल. ते खूश झाले. "हे बेस झालं. वीस घरं माझ्या दारात आली असती. आता एकीचीच टर्म अडवायची, नक्कल पुरवली म्हणून. तेवीस सुटली." मी म्हणालो, पण सगळं तिनंच केलं आहे. "मग पुरवलं पण तिनंच न्हवं? परीक्षेत बी तसंच हाय, दाखवणाराला बघणाराएवढीच शिक्षा. इथं तर बघणाऱ्यांना आपुन माफ करतोय." आणि हसून म्हणाले, "चौगले, तुमचा प्रयोग यशस्वी झाला असं धरू. डिसेंबर लांब न्हाय."

नियमात ते बसत होतं. मी पत्र लिहिलं: साक्षी बाबासो कांबळे हिनं नक्कल करण्याचं साधन तयार करून इतरांना पुरवलं, सबब तिची टर्म मंजूर करू नये. सही केली. तारीख घातली.

प्रियदर्शनीला सांगितलं. तिनं विचारलं, "शेंगा फोडायचं मशीन केलेली पोरगी हीच का?" हो म्हणालो. ती उठून आत गेली.

३० ऑक्टोबर

साक्षीचे वडील बाबासो कांबळे भेटायला आले. पांढरा सदरा, हातात पिशवी, शाळेतून परस्पर आलेले. मी त्यांना गुरुजी म्हणालो, या, बसा म्हणालो. ते भांडतील म्हणून मी तयारी केली होती. भांडले नाहीत.

"मी पण नक्कल पकडतोय सर, तीस वरसं," ते म्हणाले. "माझा अनुभव सांगतो. नक्कल करणारं पोरगं वही झाकतंय. दुसऱ्याला दिसू नये म्हणून हात आडवा घालतंय. हिनं तर हुतं ते सगळ्यांना वाटलं. ह्याला नक्कल म्हणत्यात, हे मला माझ्या शाळंत तरी दिसलं न्हाय."

मी नियम सांगितला. त्यांनी तो शेवटपर्यंत ऐकला. मग म्हणाले, "वर्ष गेलं तर तिची फ्रीशिप बंद हुतीया. घरात लग्नाचं बघू म्हणायला लोकांना निमित्तच पायजे. मी न्हाय म्हणीन. पण एकटा किती दिस म्हणणार." उठताना त्यांनी मला हात जोडले. मी पण जोडले. मला ते फार वाईट वाटलं, पण पत्र गेलं होतं.

२ नोव्हेंबर, सोमवार

आज उजळणीचा तास. सातवा धडा. दरवर्षीप्रमाणे फळ्यावर आकृती काढली आणि व्याख्या सांगितली: जिग म्हणजे असं साधन की जे वस्तूवर बसवून त्यातील मार्गदर्शक भोकांतून ड्रिल घातलं असता, वेगळ्या खुणा न करता, कितीही नग हुबेहूब एकसारखे तयार करता येतात व त्यांचे भाग अदलाबदल करता येतात. परीक्षेत आठ मार्काला येतं.

मग दरवर्षीप्रमाणे विचारलं, कुणी उदाहरण सांगेल का? दरवर्षी कुणी सांगत नाही आणि मग मी पुढं जातो. आज तेवीस मुलं बाकाकडं बघत होती. साक्षी फळ्यावरची आकृती उतरवून घेत होती.

ऋतुराज उठला. "सर, तुमच्या कपाटात हाय."

मी फळ्याकडं बघितलं. बारा वर्षं मी ही आकृती काढतोय. पुस्तकात ती मधून कापून दाखवलेली असते, तिरप्या रेघा मारून. आख्खी मी कधी पाहिली नव्हती. कपाटात ती अडीच आठवडे आहे आणि रोज तिच्या शेजारचा खडूचा खोका मी काढतोय.

तास तिथंच संपवला. साक्षीला थांबवलं आणि विचारलं, ही जिग आहे, हे तू मला का सांगितलं नाहीस?

"मला वाटलं तुम्हाला ठाऊकच हाय सर. तुम्हीच शिकवलंय की. गेल्या वर्षी वरच्या वर्गाला शिकवत हुतासा, मी मागं येऊन बसलेली. त्यातलंच बघून केली."

"मग मी नक्कल म्हणालो तेव्हा?"

"तुम्ही म्हणालासा म्हंजे असंल, म्हणलं. कारखान्यात जिग आणि परीक्षेत नक्कल, असा नियम असंल."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. मी नीट ऐकलं, नव्हता. माझ्या शिकवण्यावरून कुणी काही करून दाखवल्याचं हे बारा वर्षांतलं पहिलं उदाहरण, आणि मी ते कुलपात घालून तिचं वर्ष घालवायला निघालो होतो. मला लाज वाटली. घरी येऊन जेवलो नाही. प्रियदर्शनीनं कारण विचारलं नाही, पण ताटही उचललं नाही.

३ नोव्हेंबर

सकाळी साहेबांकडं गेलो आणि पत्र परत मागितलं.

"पत्र फायलीला लागलं," साहेब म्हणाले. "ते काढायचं तर दुसरं पत्र लागंल. त्यात काय लिवणार?"

तिनं नक्कल पुरवली नाही, असं.

"मग काय पुरवलं?"

जिग, म्हणालो. व्याख्या सांगितली.

त्यांनी चष्मा काढला. "म्हंजे ही वस्तू तुमच्या विषयातली. आणि ती तुमच्या कपाटात असून तुम्हाला वळकली न्हाय. हे तुम्ही सहीनिशी लिवून देणार. चौगले, फाइल डिसेंबरात माझ्याच टेबलावर येणार हाय. हंबीररावांच्या बी नजरंखालनं जाणार. एका पोरीचं एक वर्ष. पुढच्या वर्षी बसंल की परीक्षेला."

मला त्या जागेची फार हाव आहे, हे इथं लिहायला हरकत नाही. बारा वर्षांत माझ्या मागून आलेले तिघं पुढं गेले. साहेबांच्या खिडकीतनं वर्कशॉपचं पत्र्याचं छप्पर दिसतं. मी त्याच्याकडं थोडा वेळ बघितलं. मग त्यांच्याच टेबलावरचा कोरा कागद घेतला आणि लिहिलं: "सदर पाटी ही जिग असून ती मला ओळखता आली नाही. हा विषय मी बारा वर्षे शिकवत आहे. कु. कांबळे हिची व सर्व विद्यार्थ्यांची टर्म मंजूर करावी."

साहेबांनी वाचलं. "मधलं वाक्य कशाला? पयल्या आणि तिसऱ्यात भागतंय."

मी म्हणालो, राहू दे.

त्यांनी कागद फाइलला लावला आणि जुना काढून माझ्या हातात दिला. म्हणाले, "पुढच्या टर्मपासनं जर्नल." मी बरं म्हणालो.

कपाटातनं पाटी काढली आणि वर्कशॉपकडं गेलो. पाटी मुलांना परत देऊन आलो. चिठ्ठी खरडून काढली, डिंकाचा डाग राहिला आहे.

५ नोव्हेंबर

आज टर्मच्या कार्डांवर सह्या करायचा दिवस. ज्यानं त्यानं आपलं कार्ड घेऊन स्वतः यायचं, असा नियम आहे. मी सकाळपासून बसून होतो. दुपारपर्यंत कुणी फिरकलं नाही. मला वाटलं, मुलांनी माझ्यावर बहिष्कार घातला आणि तसं असेल तर त्यांचं चूक नाही.

दोन वाजता साक्षी कांबळे आली. हाताला ग्रीस. बाकीची वर्कशॉपमध्ये आहेत, म्हणाली. केरबांनी आज ड्रिल दोन तास दिलं आहे, चुकचुकत का होईना. उजव्या हाताच्या लोकांसाठी वेगळी मूठ बसवता येते का ते बघताहेत. टर्मवर्क संपलं आहे, मार्क देऊन झाले आहेत, तेव्हा हे कशासाठी चाललंय ते मला कळलं नाही. मी विचारलं. "मूठ बदलायची म्हणून," ती म्हणाली.

मग तिनं पिशवीतनं कार्डांचा गठ्ठा काढून माझ्यापुढं ठेवला. सगळ्यांची आणली होती. ज्यानं त्यानं यावं असा नियम आहे, हे सांगायला मी तोंड उघडलं आणि मिटलं.

वरचं कार्ड ऋतुराज खराडेचं. सही केली. त्याखालचं घेतलं, सही केली. सात-आठ झाल्यावर माझ्या लक्षात आलं की मी नावं वाचत नाही, एकच नाव शोधतोय. हातातलं कार्ड बाजूला ठेवलं आणि गठ्ठा मधनंच चाळायला लागलो.

तिनं बघितलं.

"खाली हाय सर," ती म्हणाली. "शेवटाला ठेवलंय. येतंय की."